संगीत मेजर की मायनर?



बक्षिसं देताना दोघीतिघींनी एकच प्रश्न विचारला: संगीत मेजर घ्यावं, मायनर घ्यावं, की बीकॉम करून गाणं सोडून द्यावं? आज तेवढ्यावरच बोलतो.

आधी हिशेब करा. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर साधारण २० क्रेडिटचं असतं. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. सगळी प्रात्यक्षिकाचीच धरली, तरी ६०० तास. घरी रोज एक तास रियाज केलात, तर दोन वर्षांच्या आत तेवढे भरतात. म्हणून मायनर खुशाल घ्या, ते झेपेल. पण तेवढ्यावर गळा तयार होत नाही. मेजर त्यानंच घ्यावं, ज्याला दिवसाचे चार तास स्वरांत घालवल्याशिवाय चैन पडत नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून संगीत शिकवतं. मात्र आपल्या वेल्ह्याहून रोज एसटीनं जाऊन-येऊन रियाज व्हायचा नाही. पुण्यात राहावं लागेल. घरी आधीच बोला.

आणि बीकॉम केलं म्हणून गाणं सोडावं लागत नाही. गायिका प्रभाताई अत्रे फर्ग्युसन महाविद्यालयातून विज्ञानाच्या पदवीधर झाल्या, मग कायद्याच्या. गाणं शिकल्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे. संगीतात डॉक्टरेट पुढे केली. पदवी कुठल्या विषयाची यावर त्यांचं गाणं अडलं नाही. गुरू नसता तर अडलं असतं.

कॉलेजात संगीत नसेल, तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्या. विशारदपर्यंत कॉलेज सांभाळून जाता येतं.

मला खरं वाईट वाटतं ते वेगळंच. भजनी मंडळात वाढलेली, काकड्याला पहाटे टाळ धरणारी आपली मुलं ‘आम्ही संगीत शिकलेलो नाही’ म्हणतात. अरे, लय तुमच्या अंगात मुरलेली आहे! शहरातल्या मुलांना ती शिकायला वर्षं लागतात. तुम्हाला राहिलंय ते स्वरज्ञान आणि शास्त्र, आणि ते शिकवून येतं.

म्हणून प्राचार्य सर, तुमच्याकडे एक मागणं आहे. यूजीसीच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्थानिक कलाकारांना महाविद्यालयात शिकवायला बोलावता येतं. भोर-वेल्ह्याच्या गावागावांत भजन गाणारे आहेत. त्यातल्या, स्वर शिकवू शकेल अशा एकाला येत्या जूनपासून बोलवा. सुरुवातीला दहाच मुलं बसली तरी वर्ग चालू ठेवा.