कोन आधी मोजावा
(सुतार समाजाच्या वार्षिक मेळाव्यात अमरावती येथे केलेले भाषण)



माझ्या वडिलांनी जन्मभर रंधा चालविला. मी खडू चालविला. त्यामुळे धंद्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार थोडाच. तथापि अकोल्यास आमच्या घरी घडलेली एक गोष्ट सांगतो.

माझा पुतण्या जुन्या घराच्या खिडकीभोवती तीन इंच रुंदीची सागवानी पट्टी बसवीत होता. आठही टोके त्याने यंत्रावर ४५ अंशांत कापली. पट्ट्या जुळवून पाहतो तो दोन कोपऱ्यांत आतून फट आणि दोहोंत बाहेरून! फट सुताहून अधिक. त्याने भुसा व सरस कालवावयास घेतला.

"काकाजी, यंत्र तर बरोबर पंचेचाळीसच दाखवते," तो म्हणाला.

"यंत्र खरे आहे बाबू, खिडकी खरी नाही," मी म्हणालो.

आपल्या वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरची जुनी भिंत कलते व चौकटही कलते. म्हणून कोपरा ९० अंशांचा आहे असे गृहीत धरू नये.

आम्ही कोपऱ्यापासून एका बाजूवर ३ फूट व दुसरीवर ४ फूट अशा खुणा केल्या. काटकोन असता तर दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट भरले असते. बौधायनाच्या शुल्बसूत्रांतही हे माप आहे. ते भरले ५ फूट १ इंच. या मापात अर्ध्या इंचाच्या फरकास सुमारे एक अंश धरावा. म्हणजे कोन ९२ अंशांचा. त्याचा निम्मा ४६, तोच खरा काप. शेजारचा कोपरा ८८ अंशांचा निघाला. तेथे काप ४४ अंशांचा.

कोनमापक नसेल तर पुठ्ठा कोपऱ्यास लावून कोन आखावा, कापावा, आणि कडेवर कड ठेवून दुमडावा. घडीची रेघ हाच काप. तो सरकत्या पात्याच्या गुण्यावर घ्यावा, आधी टाकाऊ तुकड्यांवर कापून पाहावा, मगच सागवानास करवत लावावी.

पुतण्याने पट्ट्या नव्याने कापल्या. सांध्यात नखही शिरेना.

बंधूंनो, आता माझी चूक सांगतो. हाच मुलगा माझ्या वर्गात होता आणि गणितात कच्चा म्हणून मी त्याला चारचौघांत बोललो होतो. कोनाचे दोन समान भाग करणे मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकविले. पण ते त्याच्या आजोबांच्या करवतीखाली रोज होते, हे त्याला एकदाही सांगितले नाही. सांगितले असते तर कदाचित त्याने शाळा सोडली नसती.

म्हणून विनंती अशी की, शिकणाऱ्या मुलास सुटीत कारखान्यात बसवा, आणि कारखान्यातील मुलास भूमितीचे पुस्तक द्या. कच्चा कोण हे ठरविण्याआधी कोन मोजून पाहावा.

 जय विश्वकर्मा!