नाव ठरण्याआधी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोडा मसाला होतो त्या घरात धणे, तीळ, खोबरे यांच्या जोडीला एक करडा, चुरगळलेल्या कागदासारखा जिन्नस असतो. त्याचे नाव दगडफूल. झाशीच्या बाजारात तेच छरीला किंवा पत्थरफूल म्हणून मागावे लागते. कोरडे असताना त्याला फारसा गंध नसतो. तेलात परतताच मात्र त्याचा सुवास दरवळतो. पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेल्या या जिनसाचे नाव दोन्ही अंगांनी फसवे आहे. ते फूल नाही, आणि मसाल्यातले दगडफूल पुष्कळदा दगडावर नव्हे, तर झाडाच्या सालीवर वाढलेले असते. वस्तुतः ती एक वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेले ते बिऱ्हाड आहे. बुरशी निवारा देते व ओल धरून ठेवते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते.

हे बिऱ्हाड आहे हे कळायला विज्ञानालाही वेळ लागला. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1867 साली ही कल्पना मांडली, तेव्हा दगडफुलांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या नामांकित तज्ज्ञांनीच तिला कडाडून विरोध केला. नमुने त्यांच्या हातात होते, लॅटिन नावेही त्यांनीच दिली होती. पण नाव ठरले म्हणजे वस्तू समजली, असे त्यांना वाटले. शाळेच्या दृष्टीने या विषयाचे मोल इथेच आहे. शाळेत उत्तर लवकर देणाऱ्याचे कौतुक होते. बुरशी, दगडफूल आणि मॉस यांच्या ओळखीत मात्र लवकर दिलेले उत्तर बहुधा चुकते, आणि एखाद्या वेळी ते जिवावरही बेतते.

झाशीत हा अभ्यास करता येईल का, अशी शंका स्वाभाविक आहे. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि बुंदेलखंडाचा सुमारे अडीच अब्ज वर्षांचा ग्रॅनाइट तापून निघतो. पण त्याच दगडावरचे करडे, काळे, पिवळसर डाग नीट पाहावेत. त्यांतील कित्येक डाग म्हणजे कोरडे पडून पावसाची वाट पाहणारी दगडफुले असतात. भिंतींच्या सांध्यांत वाढणारे हायोफिला नावाचे मॉस उन्हात पाने आत वळवून तपकिरी होते. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले की काही क्षणांत पाने उलगडू लागतात. पावसाळा सुरू झाला की सुमारे 16 किलोमीटरांवरील ओरछ्याच्या अभयारण्यात, बेतवा व जामनी या नद्यांमधल्या करधई, पळस आणि सागाच्या रानात, कुजणाऱ्या लाकडावर बुरशींचे पंखे उगवू लागतात.

नवशिक्याने आरंभी नावामागे लागू नये. आधी गट ठरवावा. बारीक देठ आणि त्यावर इवली हिरवी पाने दिसली, तर ते मॉस. पाने-देठ नसून पापुद्रा, झालर किंवा दाढीसारखे झुपके असतील आणि रंग राखी, हिरवट वा नारिंगी असेल, तर बहुधा दगडफूल. हिरवेपणाचा मागमूस नसून छत्री, पंखा किंवा खापरी असा आकार असेल, तर बुरशी. इथे भाषाही चकवते. तळ्यातले आणि ओल्या भिंतीवरचे अशा दोन्हींना मराठीत सरसकट शेवाळ म्हणतात. पाठ्यपुस्तक मात्र शैवालाला थॅलोफायटा गटात आणि मॉसला ब्रायोफायटा गटात बसवते, आणि ते योग्यच आहे.

पुढची साधने स्वस्त आहेत: दहापट मोठे दाखवणारे भिंग, वही आणि पेन्सिल. वहीत तारीख, जागा, झाडाचे नाव, साल की माती की दगड, सावली की ऊन, हे सारे टिपावे. छत्रीची टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवून वर वाटी पालथी घातली, की रात्रभरात बीजाणूंची नक्षी उमटते. तिचा रंग हा ओळखीचा मोठा पुरावा असतो. पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत, म्हणून काळा भाग. नावाच्या रकान्यात ‘अजून ठरले नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. पुष्कळ दगडफुलांचे नाव सूक्ष्मदर्शक व रासायनिक परीक्षा यांशिवाय तज्ज्ञही सांगत नाहीत. त्यासाठीच लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने जपून ठेवलेले आहेत. लखनौच्या धरणीधर अवस्थी यांनी भारतीय दगडफुलांच्या अभ्यासाचा पाया घातला.

एक गोष्ट पालकांनी मुलांना निक्षून सांगावी. रानातील अळंबी ओळखण्यासाठी चाखू नये, आणि पुस्तकातील चित्राशी जुळली म्हणून शिजवू तर मुळीच नये. ‘अमानिटा फॅलॉइडिस’ या बुरशीची अर्धी टोपीही प्रौढ माणसाचा जीव घेऊ शकते. तिचे विष शिजवून नाहीसे होत नाही. त्रास सुरू व्हायला सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. मग थोडे बरे वाटते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. चांदीचे नाणे काळे पडले नाही किंवा किड्यांनी खाल्ली आहे म्हणून अळंबी निर्धोक, या समजुती निव्वळ खोट्या आहेत.

दुसरी गोष्ट काळाची. इंग्लंडमध्ये 1600 सालापासून अखंड टिकलेल्या रानाला प्राचीन वन म्हणतात. 1970 च्या दशकात फ्रान्सिस रोज यांनी झाडांवरील दगडफुलांच्या जातींवरून रानाच्या अखंडतेचा अंदाज बांधण्याची रीत घालून दिली. त्याच दशकात महाराष्ट्रात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक देवरायांचा अभ्यास करत होते. देवाच्या भीतीने म्हणा वा श्रद्धेने, तिथे कुऱ्हाड चालली नव्हती. झाशीचा किल्ला 1613 चा, वीरसिंह देवाच्या काळचा. 1742 नंतर नारो शंकरांनी तो वाढवला. त्याच्या दगडांवरही हळूहळू दगडफुले वस्ती करत आली आहेत. अनेक जाती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात. तळहाताएवढा एक ठिपका मुलाने चाकूने खरवडला, तर आजोबांच्या वयाएवढे काम मिनिटात संपते. शिवाय किल्ला संरक्षित स्मारक आहे आणि अभयारण्यातून परवानगीविना काही उचलणे हा गुन्हा आहे. तिथे भिंग, छायाचित्र आणि वही एवढ्यावरच भागवावे. बीजाणूंची नक्षी घरच्या अंगणातील छत्रीची काढावी.

येत्या पावसाळ्यात एखादे मूल भिजलेली फांदी घेऊन घरी येईल आणि तिच्यावरचे ते हिरवट-राखी काय, असे विचारील. तेव्हा नाव सांगण्याची घाई कोणी करू नये. फांदी कोणत्या झाडाची, झाड कुठे उभे आहे, एवढे विचारावे आणि त्याच्या हाती भिंग द्यावे.