मरुभूमीतील पक्षी पाहावयास जाण्यापूर्वी



पक्षी म्हटला की आपणांस झाड आठवते, पाणवठा आठवतो. ज्या प्रदेशात या दोहोंचीही वाण, तेथे पक्षी पाहावयास जाण्याचा बेत आम्ही चिंचवडच्या पाच मित्रांनी आखला आहे. राजस्थानातील थरच्या वाळवंटात जावयाचे. पाचही जण सेवानिवृत्त. तिघांचे आयुष्य पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत गेले, एक बँकेत होता आणि मी शाळामास्तर. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. परंतु बेत आखताना आमच्यात जो वाद झाला तो आपल्याही उपयोगी पडेल असे वाटते.

वादाचे कारण माळढोक. वास्तविक या पक्ष्यासाठी आपणांस इतके दूर जाण्याचे कारण नव्हते. सोलापूरजवळील नान्नजचा माळ येथून एका दिवसाच्या अंतरावर. १९७९ साली तेथे माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले. परंतु गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, ही आपली जुनी समजूत. माळ नांगराखाली गेले, त्यांवर वस्ती झाली, आणि आता तेथे माळढोक क्वचितच दृष्टीस पडतो. साऱ्या देशात मिळून हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले असावेत, आणि त्यांतील बहुतेक जैसलमेरच्या बाजूस.

आमच्यातील एक स्नेही छायाचित्रे घेतात. त्यांचे म्हणणे, जावयाचे तर पावसाळ्यात जावे. त्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून जवळजवळ भूमीपर्यंत लोंबवितो आणि त्याचा घुमणारा आवाज दूरवर ऐकू येतो. असे चित्र पुन्हा केव्हा मिळावे? प्रश्न खोटा नव्हे. पण तोच विणीचा काळ. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या भूमीवर. आपल्या चाहुलीने ती उठली की त्या अंड्यास कुत्रे, कोल्हा, घोरपड असे अनेक वाटेकरी. ज्या जातीची संख्या शेकड्यांत मोजावयाची, तिच्या एका अंड्याचे मोल आमच्या छायाचित्राहून अधिक आहे, असे मी म्हणालो. दोन संध्याकाळ वाद चालला. अखेर जानेवारी ठरला. स्नेही अद्याप थोडे नाराजच आहेत.

जानेवारीचा एक लाभ मात्र त्यांनीही मान्य केला. फलोदीजवळ खीचन नावाचे गाव आहे. मंगोलिया आणि मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून कांड्या करकोचे हजारोंच्या संख्येने हिवाळा घालविण्यास तेथे येतात. गावकरी त्यांना कुरजां म्हणतात आणि वर्षानुवर्षे दाणा घालतात. सकाळी दाण्याच्या कुंपणात थवेच्या थवे उतरतात. २०२५ साली या स्थळाचा रामसर यादीत समावेश झाला. खीचनला पक्षी शोधावे लागत नाहीत, वेळेवर जाऊन शांत बसावे लागते, इतकेच!

म्हणून मार्ग असा योजिला आहे: रेल्वेने जोधपूर, तेथून खीचन, मग जैसलमेर, आणि पुढे सम व सूदासरीच्या बाजूचे राष्ट्रीय मरू उद्यान. तेथे पखुर्डी पाहावयाची माझी विशेष इच्छा आहे. हिचा नर पोटाच्या पिसांत पाणी भिजवून घेऊन दूरच्या पिलांस पाजतो. धाविक आणि गिधाडेही दिसावीत. माळढोक दिसला तर भाग्य. न दिसल्यास वाटाड्यास अधिक पैसे देऊन गाडी गवतात घालावयाची नाही, हे आधीच ठरविले आहे. पायी मनुष्य दिसला की तो पक्षी फार लवकर बिचकतो, म्हणून वाहनातूनच आणि लांबूनच पाहावयाचे.

आणखी एक गोष्ट. त्या प्रदेशात सूर्य आणि वारा यांपासून वीज होते, आणि ती वाहून नेणाऱ्या तारा माळढोकास घातक ठरतात. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने समोरचे त्यास नीट दिसत नाही, आणि शरीर जड असल्याने ऐन वेळी वळता येत नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तारा भूमिगत करण्याविषयी आदेश दिला. २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. कोळशाऐवजी सूर्याची वीज हवी, हेही खरेच. देशाचे वीजजाळे आता एक आहे. आमचे मित्र ज्या यंत्रांपुढे तीस वर्षे उभे राहिले, ती चाकणची यंत्रे त्याच जाळ्यावर चालतात. यावर आमच्यात वाद झाला नाही. सगळेच गप्प बसले.

सामानाविषयी थोडेसे. रात्री कडाक्याची थंडी, दिवसा ऊन. तेव्हा लोकरी बंडी आणि रुंद काठाची टोपी दोन्ही हवीत. कपडे मळकट रंगाचे, पांढरे नकोत. पाणी प्रत्येकी निदान चार लिटर. सीमेजवळील काही गावांस जाण्यासाठी परवाना लागतो, म्हणून ओळखपत्रे बरोबर ठेवावीत. उद्यानासाठी वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. दुर्बीण आमच्यात तीनच आहेत, त्या पाळीपाळीने वापरू. पक्ष्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे वाजवून त्यांना बोलावण्याची हल्ली पद्धत आहे. ते यंत्र मात्र चिंचवडलाच राहील.