एका मुलाचा फरक

आज पदवी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

तुमच्यातले बरेच जण बेळगाव, निपाणी, खानापूरकडून आणि सीमेपलीकडच्या कोल्हापूर-सोलापुरातून बंगळुरूला शिकायला आलात. तुमच्या आग्रहावरून मी मराठीत बोलते आहे. त्याला यजमानांनी मनापासून मान्यता दिली, त्यांची मी आभारी आहे. मी आयुष्यभर लोकसंख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा आज त्याच विषयावर बोलते.

1992-93 साली देशातलं पहिलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. तेव्हा कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एका स्त्रीला सरासरी 2.9 मुलं होत होती. 2019-21 च्या पाचव्या सर्वेक्षणात दोन्ही राज्यांत हा आकडा 1.7 वर आला. फरक एका मुलाहून थोडासा जास्त. आता तो पिढ्यांवर पसरून पाहा. एका पिढीची जागा पुढच्या पिढीने तंतोतंत भरायची, तर दर स्त्रीमागे साधारण 2.1 मुलं लागतात. मृत्यूचं प्रमाण आजच्याइतकंच धरलं आणि जन्मदर 2.9 च्या जवळपास राहिला, तर हजार माणसांच्या पिढीची पणतवंडांची पिढी अडीच हजारांच्या वर जाते. तो 1.7 राहिला, तर हजाराचे 810 होतात, मग 655, मग 530. एकाच घराण्याचे हे दोन हिशेब आहेत आणि त्यांच्यात पाचपट अंतर आहे. कोणत्याही एका वर्षी हे अंतर दिसत नाही. म्हणूनच राज्यकर्त्यांना आणि वृत्तपत्रांना ते उशिरा कळतं.

उशीर होण्याचं आणखी एक कारण आहे. देशाचा जन्मदर 2.1 च्या खाली गेला आहे, तरी लोकसंख्या वाढतेच आहे. वीस-तीस वर्षांपूर्वी मोठ्या संख्येने जन्मलेल्या मुली आज आई होत आहेत. प्रत्येकीला मुलं कमी होतात, पण आयाच इतक्या आहेत की एकूण जन्म अजूनही मृत्यूंपेक्षा बरेच जास्त आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या 2024 च्या अंदाजाप्रमाणे भारताची लोकसंख्या 2060 च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 170 कोटींवर पोहोचेल आणि मग उतरू लागेल. तेव्हा तुम्ही साठीच्या आसपास असाल. तो उतार पाहणारे तुम्हीच, आणि त्याच्या खर्चाचा भारही तुमच्याच मुलांवर येणार.

हा जन्मदर खाली कसा आला, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचं आहे, कारण तो इतिहास आपल्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही मुलखांत घडला. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्यांची प्राध्यापकी गेली, पुढे त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाबद्दल अश्लीलतेचे खटले झाले आणि त्यांतल्या एकात 1934 साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. दरम्यान 1930 साली म्हैसूर संस्थानाने आपल्या सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाची केंद्रं उघडायचा हुकूम काढला. सरकारने चालवलेली अशी केंद्रं जगातली पहिली मानली जातात. मुंबईत ज्या कामासाठी एका माणसाची नोकरी गेली, तेच काम नऊ वर्षांनी म्हैसूरच्या सरकारने आपलं मानलं. 1938 साली मुंबई विधिमंडळात आंबेडकरांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. या माणसांच्या डोळ्यांपुढे वारंवारच्या बाळंतपणांनी झिजलेली बाई होती. देशाची गर्दी कमी करायची हा त्यांचा पहिला विचार नव्हता.

पुढे गर्दीची भीती पुढे आली आणि ती बाई मागे पडली. आणीबाणीत, 1976 साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणूनच ते कायदा झालं नाही. आणीबाणी संपली, पण नसबंदीचं ओझं हळूहळू पूर्णपणे स्त्रीवर गेलं. आज कर्नाटकातल्या विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा शून्याजवळ आहे. देशात ही शस्त्रक्रिया होते तेव्हा बाईचं वय सर्वसाधारणपणे पंचविशीच्या आसपास असतं, म्हणजे समोर बसलेल्या तुमच्यापैकी अनेकींहून फक्त तीन-चार वर्षांनी जास्त. आणि लहान कुटुंब हवं पण मुलगा हवाच, या हट्टापायी 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली उरल्या होत्या. जन्मदराचा आलेख उतरताना मला नेहमी त्या न जन्मलेल्या मुली आठवतात. त्या नसल्यामुळे पुढच्या पिढीत आयाच कमी होणार, हा हिशेब त्यानंतरचा.

आता वारा उलट फिरला आहे. 2024 च्या ऑक्टोबरात आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी जास्त मुलं व्हावीत अशी भाषा केली. त्यांची काळजी मी समजू शकते. लोकसभेच्या राज्यवार जागा आजही 1971 च्या जनगणनेवर ठरलेल्या आहेत आणि 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर त्या नव्या लोकसंख्येप्रमाणे बदलू शकतात. मुलं कमी होऊ दिली म्हणून दक्षिणेचा आवाज कमी व्हावा, हे मला अन्यायाचं वाटतं. पण त्यावर उपाय राज्यघटनेत शोधायला हवा, बाईच्या गर्भाशयात नाही. काल जिला ‘दोन पुरे’ म्हणून सांगितलं, तिलाच उद्या ‘आणखी एक’ म्हणून सांगायला कोणी तिच्या दारात उभं राहू नये. शिवाय अशी मागणी फारशी चालत नाही. दक्षिण कोरियाने वर्षानुवर्षं पैसा ओतला, तरी 2023 मध्ये तिथला दर 0.72 होता.

या शहराकडे पाहूनही गैरसमज होतो. 2001 ते 2011 या काळात बंगळुरू शहर जिल्हा 65 लाखांवरून 96 लाखांवर गेला. हे मुख्यतः पाळण्यांचं काम नव्हे, बसगाड्या आणि रेल्वेंचं. त्याच दहा वर्षांत चिक्कमगळूर जिल्ह्याची लोकसंख्या घटली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचीही. कोकणातल्या कमी पटाच्या शाळा आणि इथले भरलेले वर्ग ही एकाच घडामोडीची दोन टोकं आहेत. गावाकडे मागे राहिलेल्या आजी-आजोबांना औषध कोण आणून देणार, हा प्रश्न 2060 ची वाट पाहत नाही, तो आताच उभा आहे. तुमच्यातल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी वृद्धांची शुश्रूषा हा दुय्यम विषय मानू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि ज्यांना मूल हवं आहे, त्यांना ते वाढवता यावं, एवढं तरी आपण पाहू. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली. दोन मुलं असलेल्या आईला मात्र 12 आठवडेच मिळतात. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर द्यावं, असंही कायदा सांगतो. पुढच्या महिन्यात तुम्ही कुठे कुठे रुजू व्हाल. पहिल्याच आठवड्यात विचारा, इथलं पाळणाघर कुठे आहे? मुलग्यांनी आधी विचारा.