गाणारीला घरी कोण पोचवणार?

(कार्यकर्त्यांच्या जिल्हा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘मुलींसाठी स्वसंरक्षणाचे वर्ग आपल्या संघटनेने चालवावेत का?’ हा आज दुपारच्या चर्चेचा विषय आहे आणि सुरुवात करून द्यायचे काम माझ्याकडे आले आहे. बाजूचे मुद्दे, विरोधातले मुद्दे असे मी मांडणार नाही. ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत. त्याऐवजी एका शहरातल्या बायकांनी काय केले ते सांगते. शहर आपल्यापासून फार लांबचे आहे, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातले सिॲटल. आणि गोष्ट आहे एका रॉक बँडची. काहीजणी एकमेकींकडे बघून हसताहेत, हसा. पण शेवटपर्यंत ऐका, कारण आपण दोन वर्षे ज्या प्रश्नावर अडून बसलो आहोत त्याच प्रश्नाशी या बायका झगडल्या.

बँडचे नाव ‘द गिट्स’. गिट ही इंग्रजी बोलीतली शिवी, बिनकामाचा माणूस अशा अर्थाची. १९८६ साली ओहायो राज्यातल्या अँटिऑक कॉलेजात चौघे एकत्र आले. वाजवणारे तिघे मुलगे आणि गाणारी मिया झपाटा. १९८९ साली चौघांनी सिॲटल गाठले. तिथल्या कॅपिटॉल हिल या वस्तीत एका जुनाट घरात ते राहात. त्या घराला त्यांनी नाव दिले होते ‘रॅटहाऊस’, उंदरांचे घर. माझ्या भाचीने मला मियाची गाणी ऐकवली. वाद्यांचा कल्लोळ असतो, पण आवाज वेगळाच आहे, खालून येणारा, घासलेला, जुन्या काळ्या अमेरिकन गायिकांच्या ब्लूज गाण्याशी नाते सांगणारा. गोड गळा नव्हे. ओरडणे आणि गाणे यांच्या मधली जागा तिने धरली होती, आणि त्या जागी उभे राहून ती कोणाची मनधरणी करत नव्हती.

त्या काळचे सिॲटल समजून घ्यायला हवे. खोल्या स्वस्तात मिळायच्या. संध्याकाळी लहानलहान बारमध्ये, पडक्या हॉलमध्ये कार्यक्रम व्हायचे. आज मंचावर वाजवणारी मुलगी उद्या समोर उभी राहून दुसऱ्याचे ऐकायची. ढोल एकाचा, गाडी दुसऱ्याची, झोपायची जागा तिसऱ्याकडे. म्हणजे ऐकणारे आणि गाणारे अशा दोन जाती तिथे पडलेल्या नव्हत्या. १९९१ साली ‘निर्वाणा’ हा बँड जगभर गाजला आणि मोठ्या कंपन्या, वार्ताहर त्या शहरात येऊन पडले. सिॲटलचे संगीत म्हणजे लांब केसांचे तरुण पुरुष असे चित्र जगापुढे गेले. गावात मात्र बायकाही वाजवत होत्या. ‘सेव्हन इयर बिच’ नावाचा सगळ्या मुलींचा बँड होता, आणि नव्या असताना त्यांना हात दिला तो गिट्सने. शंभरेक किलोमीटरवरच्या ऑलिम्पिया या छोट्या शहरात ‘बिकिनी किल’ बँडची कॅथलीन हॅना कार्यक्रम थांबवून मुलग्यांना मागे जायला सांगायची आणि मुलींना पुढे बोलवायची. कारण उघड होते. मंचासमोरच्या धक्काबुक्कीत मुलींना चिमटे, कोपरे आणि हात सोसावे लागायचे. आपल्याकडच्या जत्रेत काही वेगळे होत नाही.

७ जुलै १९९३. मिया मध्यरात्रीपर्यंत वस्तीतल्या कॉमेट टॅव्हर्न या बारमध्ये मित्रमंडळींबरोबर होती. नंतर जवळच राहणाऱ्या एका मैत्रिणीकडे गेली, आणि दोनच्या सुमारास तिथून निघाली. पहाटे साडेतीनच्या आसपास रस्त्यावर तिचा मृतदेह सापडला. मारहाण, बलात्कार, गळा आवळून खून. वय सत्तावीस. अंगावर ओळख पटेल असा एकही कागद नव्हता. ओळख पटली ती शवचिकित्सा करणाऱ्याने तिला गाताना पाहिले होते म्हणून.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुढे वाचवेना. ज्या गावाने तिचे गाणे ऐकले, त्याच गावातल्या एका श्रोत्याने तिला टेबलावर ओळखले.

आपल्याकडे पहिला प्रश्न काय आला असता, ते मी सांगायला नको. रात्री दोनला बाई बाहेर काय करत होती? प्यायली होती का? एकटी का निघाली? तिच्या मैत्रिणींनी दुसराच प्रश्न विचारला. आपण सगळे इतके जवळचे, एकमेकांच्या घरात झोपणारे, तर मग तिला घरी पोचवायची व्यवस्था आपल्यात का नव्हती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आणखी एक बाई घरात बसते. दुसऱ्याचे उत्तर सगळ्यांनी मिळून द्यावे लागते.

पोलिसांचा तपास लवकरच थंडावला. मग गावातल्या बँडनी कार्यक्रम करून पैसे जमवायला सुरुवात केली. महिना उलटतो न उलटतो तोच, ऑगस्ट १९९३ मध्ये, निर्वाणाने तिच्यासाठी मदतीचा कार्यक्रम केला. सुमारे सत्तर हजार डॉलर जमले आणि त्यातून एक खाजगी तपासनीस नेमली. तीही बाईच. पैसे संपले तरी ती आपल्या वेळात काम करत राहिली. गायिका जोन जेटने गिट्सच्या उरलेल्या तिघांबरोबर १९९५ साली एक ध्वनिमुद्रिका काढली. ‘गिट्स लाइव्ह’ या शब्दांची अक्षरे उलटी करून तिचे नाव ठेवले, ‘इव्हिल स्टिग’. त्याचे पैसेही तपासाकडे गेले.

आता एक कठीण गोष्ट. खुनी सापडत नव्हता, म्हणजे तो कोणीही असू शकत होता. आणि ‘कोणीही’ म्हणजे आधी आपल्यातलाच. जुने मित्र, प्रियकर, शेजारी, कार्यक्रमाला येणारे, सगळ्यांकडे संशयाने बघितले गेले. जे लोक एकमेकांच्या ढोलावर वाजवत होते ते एकमेकांची तोंडे न्याहाळू लागले. दहा वर्षे. हिंसा एका बाईवर होते, पण तिच्या भोवतीचे सगळे विणकाम उसवत जाते. एखाद्या वाडीत अशी घटना घडल्यावर पुढे वर्षानुवर्षे काय होते ते तुमच्यापैकी अनेकींनी जवळून पाहिले आहे.

पण याच उसवणाऱ्या दिवसांत काहीजणी भेटू लागल्या. सेव्हन इयर बिचची ढोलवादक व्हॅलरी ॲग्न्यू, गाणारी ग्रेटा हार्ली, लिहिणारी क्रिस्टियन स्टॉर्म, अशा आठ-नऊ जणी. त्यांना हवे होते ते साधेच, स्वसंरक्षण शिकायचे होते. चौकशी केली तर वर्ग महाग निघाले. हॉटेलात भांडी घासून भाडे भरणाऱ्या मुलीला परवडणारे नव्हते. मग त्यांनी स्वतःच वर्ग सुरू केले आणि फी ठेवली जमेल तितकी. नाव दिले ‘होम अलाइव्ह’. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘जिवंत घरी’. मागणी एवढीच होती.

त्यांनी स्वसंरक्षणाची जी व्याख्या केली, त्यासाठी मी ही सगळी गोष्ट सांगते आहे. बुक्की, लाथ, अंगठा डोळ्यात घालणे, हे त्यांनी शिकवले. पण त्याच्या अलीकडे बरेच काही होते. मोठ्याने ‘नाही’ म्हणणे. हे आपल्यातल्या किती जणींना येते? लहानपणापासून हळू बोल, खाली बघ म्हणून घसा आवळलेला असतो, तो मोकळा करायला खरेच सराव लागतो. आपल्या हद्दी आपण ठरवणे आणि त्या दुसऱ्याला सांगणे. मैत्रिणीला फोन करून ‘पोचले’ म्हणणे. पळून जाणे. आणि काहीही न करणे, गोठून जाणे, कारण त्या क्षणी जीव वाचवायला शरीराने तेच निवडले असेल. बाई जे करून जगली ते बरोबरच होते, असे धरून त्यांचे वर्ग चालत. अमुक कर आणि तमुक करू नकोस अशी यादी त्यांनी कोणाच्या हातात दिली नाही. आपल्याला काय काय करता येईल त्याचे पर्याय वाढवणे एवढेच ठेवले. आणि हिंसा म्हणजे फक्त अंधारातला अनोळखी पुरुष हेही त्यांनी मानले नाही. घरातला नवरा, ओळखीचा मित्र, समलिंगी म्हणून मारणारे, रंगावरून मारणारे, सगळे एकाच चर्चेत आणले.

आपल्या तालुक्यांत कराटेचे वर्ग होतात ते मी पाहिलेत. पांढरे कपडे, चार लाथा, दहाव्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र, फोटो. मुली आनंदाने उड्या मारतात. तो आनंद मला कमी लेखायचा नाही, पोरीच्या अंगाला मोकळे हलायला मिळणे हीच किती मोठी गोष्ट. पण त्या वर्गात मास्तरांविषयी कोणी बोलत नाही, चुलत्याविषयी नाही, मुकादमाविषयी तर नाहीच. शेवटची एसटी साडेसहाला का, हेही कोणी विचारत नाही.

त्यांच्याकडेही सगळे आलबेल नव्हते. ‘शिकायचे बायकांनी, मग जबाबदारीही बायकांचीच का?’ हा आक्षेप जो आपल्याकडे घेतला जातो तो तिथेही आहेच. मला तो अर्धा पटतो. मारणाऱ्याचा गुन्हा मारणाऱ्याचा, यात तडजोड नाही. पण आज रात्री आठला शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला ‘समाज बदलेपर्यंत थांब’ असे मी सांगू शकत नाही. दुसरे, पैसा. १९९६ साली त्यांच्या मदतीसाठी गाण्यांचा एक मोठा संग्रह निघाला तो सोनीच्या एपिक कंपनीकडून. त्यात निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन हे सगळे गाजलेले पुरुषांचे बँड होते. नाव पुरुषांचे, राबणे बायकांचे, हे कुठेही गेले तरी सुटत नाही. पण त्या पुरुषांनी आपले नाव वापरू दिले हेही खरे. आपल्याकडच्या नामवंतांना मी अशी पत्रे पाठवली आहेत, उत्तरे मोजायला एका हाताची बोटे पुरतात.

गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाते म्हटले की मला विठाबाई नारायणगावकर आठवतात. तमाशाचा खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. दौलतजादा करणारे हात हजारो होते. २००२ साली त्या गेल्या, आणि शेवटची वर्षे हलाखीत काढून गेल्या. फेटे उडवणाऱ्या श्रोत्यांवर तिचे काही देणे लागते, असे आपल्या गावांना वाटले नाही. सिॲटलमधल्या पोरापोरींना ते वाटले, एवढाच फरक मला दाखवायचा आहे.

आता खटल्याचे सांगते. १९९३ साली मियाच्या शरीरावरून थुंकीचा अंश टिपून घेतला होता. इतक्या थोड्या नमुन्यातून डीएनए काढणे त्या वेळच्या तंत्राला जमत नव्हते, पण कोणीतरी तो नीट गोठवून ठेवला. पुढे तंत्र सुधारले. २००२ च्या अखेरीस तो नमुना फ्लोरिडातल्या एका माणसाशी जुळला. दुसऱ्या गुन्ह्यात अटक झाल्याने त्याचा डीएनए सरकारी नोंदीत आलेला होता, आणि त्याच्यावर बाईला मारहाण केल्याचेही आरोप होते. २००३ च्या जानेवारीत अटक, २००४ च्या मार्चमध्ये दोषी. पस्तीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली. शिक्षा भोगत असतानाच २०२१ साली तो मेला. मियाशी, बँडशी, त्या मित्रमंडळींशी त्याचा काही संबंध नव्हता. पूर्ण अनोळखी.

म्हणजे दहा वर्षे ज्यांनी एकमेकांवर संशय घेतला त्यातला कोणीच नव्हता. त्यांच्यातल्या काहींची मैत्री मात्र तोवर तुटून गेली होती.

यातला एक धडा अगदी कोरडा, कामाचा आहे. आपण बाईबरोबर पोलीस ठाण्यात जातो, रुग्णालयात जातो. घाईत, लाजेत, ‘आधी अंघोळ कर बाई’ म्हणण्यात नमुने जातात. २०१३ च्या कायदादुरुस्तीने सरकारी आणि खाजगी दोन्ही रुग्णालयांवर अशा बाईला तत्काळ, मोफत उपचार देण्याचे बंधन घातले. नमुने घेतले का, पाकिटावर सही-शिक्का झाला का, नोंद कुठे झाली, हे विचारायला आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला यायला हवे. स्वसंरक्षणाच्या वर्गात मी हा तासही धरते.

होम अलाइव्हने २०१० साली संस्था म्हणून काम थांबवले. पैसे जमवणे अवघड झाले होते. त्यानंतरही काही शिक्षिका हौसेने वर्ग घेत राहिल्या. सतरा वर्षे चालले, हेच मला विशेष वाटते. दुःखातून सुरू झालेली कामे सहसा दोन वर्षांत विझतात.

आता चहा आहे. त्यानंतर गटात बसू तेव्हा प्रत्येक गटाने आपापल्या गावाचा नकाशा काढावा. संध्याकाळी सातनंतर मुली कुठून कुठे जातात, शिकवणी, कारखाना, भजनी मंडळ, तालीम, आणि त्या रस्त्यावर कोणाचे दार उघडे असते. कागद आणि खडू पुढच्या टेबलावर ठेवले आहेत. कराटेच्या मास्तरांना बोलवायचे की नाही ते नकाशा पाहून ठरवू.