संथ झालेला संगणक आणि ब्राउझरचा भार

(वडनेर भोलजी येथे प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



प्राथमिक शाळेत संगणक आला तो मुलांकरिता, अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात त्याच्यासमोर मुलांपेक्षा शिक्षकच अधिक वेळ बसलेला आढळतो. यू-डायसची माहिती, सरलमधील विद्यार्थ्यांच्या नोंदी, शालार्थमधील वेतनदेयके, पोषण आहाराचा हिशेब ही सारी कामे आता इंटरनेटवरील पृष्ठे उघडून करावी लागतात. ही पृष्ठे दाखविणाऱ्या आज्ञावलीस ब्राउझर म्हणतात. तिच्याकरिता ‘न्याहाळक’ हा शब्द सुचविला गेला आहे आणि तो वाईटही नाही. परंतु वडनेरच्या शाळेत किंवा नांदुऱ्याच्या पंचायत समितीत तो कोणी उच्चारीत नाही. तेव्हा ब्राउझर हाच शब्द बरा.

तक्रार बहुधा एकसारखी असते. पेटीतील पंखा घरघरू लागतो, पडद्यावरील बाण अडखळतो, टंकलेले अक्षर दोन-तीन क्षणांनी उमटते आणि मुलांसाठी लावलेल्या चित्रफितीत आवाज पुढे, चित्र मागे अशी गत होते. यावर ‘यंत्र जुने झाले’ हे निदान ठरलेलेच. मग त्यावर कापड पडते. डेडस्टॉक नोंदवहीत ते असते, पण मुलांच्या दृष्टीने शाळेतून नाहीसे झालेले असते. नवे यंत्र मिळणे लोकवर्गणीवर वा निधीवर अवलंबून. तोवर एक पिढी चौथी ओलांडून जाते. अशी पुष्कळ यंत्रे वस्तुतः मेलेली नसतात. एखाद्या उघड्या पृष्ठाने त्यांचे डोके व्यापलेले असते, आणि ते पृष्ठ कोणते हे ओळखण्यास तंत्रज्ञाची आवश्यकता नाही.

संगणकाच्या मेंदूस प्रोसेसर म्हणतात. त्याचे कार्य समजण्यास द्विशिक्षकी शाळेइतके चांगले उदाहरण नाही. दोन शिक्षक आणि चार वर्ग. शिक्षक एका वर्गास गणित घालून दुसऱ्याकडे वळतो, तेथे वाचन देऊन तिसऱ्याकडे. मुले दिलेल्या कामात गढलेली असतील तोवर शाळा सुरळीत चालते. परंतु एखाद्या वर्गातील एक मूल क्षणाक्षणाला ‘गुरुजी, झालं का? गुरुजी, झालं का?’ असे विचारीत राहिले, तर शिक्षकाचा सारा वेळ त्याला उत्तर देण्यात जातो व उरलेले तीन वर्ग ताटकळतात. दोन गाभ्यांचा प्रोसेसर म्हणजे हीच द्विशिक्षकी शाळा, आणि ब्राउझरमधील प्रत्येक उघडे पान, ज्याला टॅब म्हणतात, तो एकेक वर्ग.

पृष्ठ असे प्रश्न का विचारते? प्रारंभी इंटरनेटवरील पृष्ठ छापील कागदासारखे होते. एकदा दिसले की काम संपले. 1995 साली नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आईक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा रचली आणि तेव्हापासून पृष्ठ हेही लहानसे यंत्र बनले. ते घड्याळ चालविते, सरकत्या जाहिराती फिरविते, नवीन काही आले काय याची चौकशी करीत बसते. त्यात वाईट काही नाही. मात्र ती चौकशी प्रोसेसरच्या वेळातून होते. 2008 साली आलेल्या क्रोम ब्राउझरने टॅबांना स्वतंत्र प्रक्रियांत वाटण्याची पद्धत रूढ केली. स्मृती त्यामुळे अधिक खर्ची पडते हे खरे; पण कोणता टॅब त्रास देतो हे वेगळे काढून पाहता येते, हा लाभ मोठा आहे.

तो लाभ असा घ्यावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. येथे घाई करू नये, कारण तीन रोगांची लक्षणे सारखीच दिसतात आणि उपचार मात्र भिन्न आहेत. मेमरी भरलेली असेल तर टॅब कमी करावेत वा रॅम वाढवावी. डिस्क शंभरावर गेली असेल तर बहुधा विंडोजचे अद्ययावतीकरण किंवा विषाणुरोधक आज्ञावलीची तपासणी चालू असते. ब्राउझरवर आळ न घेता ती पूर्ण होऊ द्यावी. सीपीयूचा आकडा चढलेला असून त्या रकान्यात ब्राउझर अग्रभागी असेल, तरच पुढील उपचार.

आकडा वाचण्यात एक बारकावा आहे. शंभर म्हणजे सर्व गाभ्यांची मिळून शक्ती. दोन गाभ्यांच्या यंत्रात एकच बिघडलेले पृष्ठ एक गाभा संपूर्ण खाऊन टाकते, तेव्हा आकडा पन्नासच्या आसपास अडकून बसलेला दिसतो. ‘अजून अर्धी शक्ती शिल्लक आहे’ असे समजणाऱ्याची येथे फसगत होते. पृष्ठ उघडताना आकडा उसळून पुन्हा खाली येणे स्वाभाविक होय. कोणी काही करीत नसताही तो मिनिटामागून मिनिटे वर राहणे, हे रोगाचे लक्षण.

यानंतर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबावे. आता ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि टॅबांची नावे व त्यांचा भार समोर येतो. फायरफॉक्समध्येही मेनूतील मोअर टूल्समध्ये अशीच सोय आहे. सीपीयू या शीर्षकावर टिचकी मारली की सर्वांत खादाड टॅब वर येतो. त्याची निवड करून ‘एंड प्रोसेस’ म्हणावे. मात्र त्या टॅबमध्ये अर्धवट भरलेला अर्ज असेल तर तो आधी जतन करावा. यू-डायसचे तीन तासांचे काम एका टिचकीने जाऊ नये.

पुष्कळदा वर आलेले नाव टॅबचे नसून एक्स्टेन्शनचे असते. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेले उपकरण. फुकट पीडीएफ करून देणारे, चित्रफिती उतरवून देणारे, स्वस्त खरेदी सुचविणारे असे पाहुणे कोणी तरी कधी तरी बसविलेले असतात आणि ते उठून जात नाहीत. संशय पडताळण्याची युक्ती सोपी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळांनी इनकॉग्निटो खिडकी उघडून मूळची खिडकी बंद करावी व तेच पृष्ठ पाहावे. तेथे एक्स्टेन्शने सहसा निष्क्रिय असतात. भार उतरला तर दोष त्यांचा. ती एकेक काढावीत.

काही पृष्ठे तर उघड चोरी करीत. कॉइनहाइव्ह नावाची आज्ञावली 2017 पासून मार्च 2019 पर्यंत चालली. पाहणाऱ्याच्या प्रोसेसरवर ती आभासी चलनाची गणिते सोडवून घेई आणि मिळकत दुसऱ्याच्या पदरी पडे. फेब्रुवारी 2018 मध्ये एका सामाईक जोडणीतून असाच शिरकाव होऊन चार हजारांहून अधिक संकेतस्थळे बाधित झाली. त्यांत ब्रिटनमधील शासकीय स्थळेही होती. ती आज्ञावली बंद पडली, युक्ती मात्र जगाला ठाऊक झाली. फुकट चित्रपटांच्या स्थळावर शाळेचा संगणक नेऊ नये, ते नीतीपुरतेच नव्हे.

दडून राहिलेल्या टॅबांविषयी ब्राउझर आता पूर्वीपेक्षा दक्ष आहेत. 2017 च्या मार्चमधील क्रोमच्या 57 व्या आवृत्तीपासून मागील टॅबांच्या घटिकांना एका गाभ्याच्या सरासरी एक टक्का इतकीच मुभा ठेवण्यात आली. आवाज करणाऱ्या टॅबला मात्र हे बंधन नाही. म्हणून परिपाठाचे गीत संपल्यावर तो टॅब मिटवावा. ‘उद्या लागेल’ म्हणून सोळा टॅब उघडे ठेवण्याची सवय अनेकांस असते. त्याकरिता बुकमार्क आहे.

चित्रफितीचा प्रश्न निराळा. यूट्यूब कित्येकदा नव्या सांकेतिक पद्धतीने चित्र पाठविते. जुन्या यंत्राच्या चित्रविभागास ती उलगडता येत नाही आणि सारा भार प्रोसेसरवर पडतो. अशा वेळी दातेरी चक्राच्या चिन्हावरून दर्जा 480 वा 360 वर आणावा. मागच्या बाकावरील मुलालाही फरक जाणवत नाही. दीक्षावरील पाठ आदल्या दिवशी उतरवून व्हीएलसीत लावता आला तर फार उत्तम. ब्राउझरच्या सिस्टिम या भागात ‘ग्राफिक्स ॲक्सिलरेशन’ नावाची कळही असते. ती सहसा चालू असावी. तथापि जुन्या यंत्रावर कधी ती बंद केल्यानेच आराम पडतो. बदल करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा व आकडा पाहावा. येथे तर्कापेक्षा आकडा विश्वासार्ह.

या भागास एक गोष्ट विशेष लागू आहे. तापलेला प्रोसेसर स्वतःस वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. वडनेरला उन्हाळा कडक, वर्गावर पुष्कळदा पत्रे, महामार्गाची धूळ आणि हंगामात कापसाचे तंतू. हे तंतू पंख्यामागील जाळीवर नमद्यासारखे बसतात. मग साधे पृष्ठही जड होते आणि दोष ब्राउझरच्या माथी येतो. वर्षातून दोनदा, वीज तोडून, पंखा बोटाने धरून, मऊ कुंचल्याने ती जाळी साफ करावी. पेटी भिंतीपासून वीतभर दूर असावी. तिच्यावर टाकलेले शोभेचे कापड यंत्र चालू असताना काढावे.

विंडोज 7 वर चालणाऱ्या यंत्रांसंबंधी स्पष्ट बोलले पाहिजे. मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालीची सामान्य देखभाल 14 जानेवारी 2020 रोजी थांबविली आणि क्रोमची 109 वी आवृत्ती तिच्यावरील अखेरची ठरली. तिच्यावर वेतनदेयकाचा पासवर्ड टंकणे शहाणपणाचे नाही. परंतु तेच यंत्र लिनक्सच्या हलक्या प्रकारावर मुलांसाठी चालू शकते. केरळातील सरकारी शाळांत काइट या संस्थेने लिनक्सवर आधारलेली प्रणालीच रूढ केली आहे.

एवढे करूनही आकडा उतरला नाही, तर निर्लेखनाचा प्रस्ताव अवश्य पाठवावा. त्यात ‘यंत्र संथ आहे’ एवढेच न लिहिता, एकच पृष्ठ उघडे असता सीपीयू, मेमरी व डिस्क यांचे आकडे किती होते आणि जाळी कोणत्या तारखेस साफ केली, हे नमूद करावे.