औषधांच्या चाचण्या आणि गरिबाची सही

(महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



फुलसावंगीला 'चाचणी' हा शब्द नवा नाही. 2021 च्या ऑगस्ट महिन्यात या गावातील एका तरुण कारागिराने स्वतःच्या हातांनी घडविलेले हेलिकॉप्टर चालवून पाहिले. मागचा पंखा तुटून वरच्या पंख्यावर आदळला आणि त्या अपघातात त्याचा प्राण गेला. वर्तमानपत्रांनी चार दिवस त्याच्या जिद्दीचे कौतुक केले. त्याच्या शेजारी एखादा अभियंता, एखादी कार्यशाळा, 'आज नको, आधी पाते तपासू' असे सांगणारी एखादी यंत्रणा का नव्हती, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. आजचा विषय प्रौढांच्या तीव्र रक्तकर्करोगावर अनेक औषधे एकत्र देऊन पाहण्याच्या चाचण्यांचा आहे. तेथे यंत्राच्या जागी माणसाचे शरीर असते, आणि आपल्या देशातील सार्वजनिक रुग्णालयांत ते शरीर बहुधा गरिबाचे असते. तेव्हा यंत्रणा कोणाची, प्रश्न कोणाचा आणि फळ कोणाच्या पदरात, हे विचारणे येथे अधिकच अगत्याचे आहे.

हा रोग अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्त तयार करणाऱ्या भागात उद्भवतो. अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, निरोगी पेशींना जागाच उरत नाही. न उतरणारा ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, दोन पावलांत धाप. खेड्यात यालाच आधी अशक्तपणा म्हणतात, मग टायफॉइड, आणि सलाईनच्या दोन बाटल्यांत मोलाचा आठवडा निघून जातो. 'तीव्र' या शब्दाचा अर्थच असा की, उपचार न झाल्यास हिशेब महिन्यांचा किंवा आठवड्यांचा असतो. लहान मुलांमधील लसिका-पेशींचा रक्तकर्करोग संपन्न देशांत दहांपैकी आठांहून अधिक मुलांमध्ये बरा होतो. प्रौढांचे तसे नाही. त्यांच्या रोगपेशी अधिक चिवट असतात, शरीर जहाल औषधे कमी सोसते आणि बरा झाल्यासारखा वाटलेला रोग पुन्हा उलटतो.

एकाच औषधाने हा रोग का हटत नाही, हे यवतमाळच्या कापूस उत्पादकाला समजावून सांगण्याची गरज नाही. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडणारच नाही असे सांगितले गेले होते. 2017 साली विदर्भातील बोंडे आतून पोखरलेली निघाली. एकाच विषाचा मारा वर्षानुवर्षे झाला की त्यातून वाचलेल्या थोड्या अळ्यांचीच पुढे पैदास होते. रोगपेशींचेही असेच असते. म्हणून वेगवेगळ्या मार्गांनी मारा करणारी आणि शक्यतो वेगवेगळे दुष्परिणाम असणारी औषधे एकत्र द्यायची, असा विचार क्षयरोगाच्या उपचारांत आधी रुजला. 1960 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत मुलांच्या रक्तकर्करोगावर चार औषधे एकत्र देण्याचे धाडस झाले, तेव्हा त्यामागे क्षयावरील अनुभवच होता. प्रौढांच्या मज्जापेशींच्या रक्तकर्करोगावर सात दिवस एक औषध व त्यांतील तीन दिवस जोडीला दुसरे, ही 1973 च्या सुमारास सिद्ध झालेली पद्धत आजही अनेक रुग्णालयांत पायाभूत मानली जाते.

या औषधांचा इतिहास परदेशी प्रयोगशाळांच्या नावावर जमा असला तरी त्यात मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांचाही वाटा आहे. 1928 साली ल्युसी विल्स ही ब्रिटिश वैद्यक-संशोधिका मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण भयंकर होते, आणि तो रक्तक्षय लोहाने हटत नव्हता. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे तिने 1931 साली दाखवून दिले. पोटात पुरेसे अन्न नसणे हे त्या रोगाचे मूळ होते, हे वेगळे सांगायला नको. यीस्टमधील तो घटक म्हणजे पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेलेले द्रव्य. रक्तपेशी वाढायला ते लागते, तर त्याच्याशी झगडणारे द्रव्य रोगपेशींची वाढ रोखील, या तर्काने बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी आजारी मुलांना तसे द्रव्य दिले आणि 1948 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. 16 मुलांपैकी 10 मुलांत रोग काही काळ मागे हटला. ते द्रव्य ज्यांच्या पथकाने पुरविले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातले. पुढचे एक महत्त्वाचे औषध, व्हिन्क्रिस्टीन, निघाले सदाफुलीपासून. ती या गावातल्या कित्येक अंगणांत आजही फुलत असेल. ज्ञान असे हजारो हातांनी उभे राहते. त्याच्यावर मालकीची पाटी लावणारा मात्र एकच असतो.

चाचणीला सरसकट विरोध करणे ही कार्यकर्त्यांची एक सवय झाली आहे. 'गरिबांना गिनीपिग बनविले' एवढे म्हटले की कर्तव्य संपले, असे वाटते. ही भूमिका सोपी आहे आणि चुकीची आहे. चाचणी कोणाचा प्रश्न घेऊन उभी राहते, यावर तिचे मोल ठरते. 1956 साली मद्रासला क्षयरोग उपचार संशोधन केंद्र स्थापन झाले तेव्हा प्रश्न होता तो खाटेअभावी घरी मरणाऱ्या रुग्णाचा: आरोग्यधामात न जाता झोपडीत राहून औषध घेतले तर गुण येतो का? येतो, असे त्या चाचणीने दाखविले, आणि जगभराची क्षयोपचाराची रीत बदलली. 1984 साली मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, मद्रासची कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने लसिका-पेशींच्या रक्तकर्करोगासाठी एक समान उपचारपद्धती स्वीकारली. तीत 25 वर्षांखालील रुग्ण घेतले गेले, म्हणजे मुलांबरोबर तरुणही. भारतातील रुग्णालयांना पेलेल अशा बेताने ती आखलेली होती. आधीच्या तुलनेने जगणाऱ्यांचे प्रमाण खूप वाढले. तथापि औषधांच्या विषाक्ततेने आणि संसर्गाने दगावणाऱ्यांची संख्याही लहान नव्हती. अनुभव वाढला, शुश्रूषा सुधारली, तशी ती कमी होत गेली. उपचार म्हणजे केवळ औषधांची यादी नव्हे. रक्तपेढी, प्रतिजैविके, स्वच्छ खाट आणि रात्री जागी असणारी परिचारिका हेही त्या औषधयोगाचेच भाग आहेत.

आणखी एक उदाहरण सोमलाचे. मज्जापेशींच्या रक्तकर्करोगाचा एक प्रकार असा होता की, रुग्ण रक्तस्रावाने काही दिवसांतच दगावत असे. चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांनी 1970 च्या दशकात एका लोकौषधाचा माग काढीत त्यावर सोमल वापरून पाहिले. शांघायच्या डॉक्टरांनी पुढल्या दशकात अ जीवनसत्त्वापासून बनविलेले आम्ल वापरले. वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी केवळ सोमलावर 72 रुग्णांना उपचार दिले आणि 2006 साली निष्कर्ष मांडले: 86 टक्के रुग्णांत रोग पूर्ण ओसरला होता. 2013 साली इटली व जर्मनीतील चाचणीने सोमल आणि ते आम्ल यांची जोडी नेहमीच्या रसायनोपचारापेक्षा सरस ठरविली. जो प्रकार सर्वांत घातक, तोच आज सर्वांत बरा होणारा ठरला आहे, आणि तोही ज्याला आपण उंदीर मारण्याचे विष म्हणून ओळखतो त्याच्या बळावर.

सगळीकडे असे घडलेले नाही. जहाल उपचार न सोसणाऱ्या वृद्धांसाठी व्हेनेटोक्लॅक्स आणि अ‍ॅझासिटिडीन ही जोडी 2020 साली 431 रुग्णांच्या चाचणीत यशस्वी ठरली. या यशाचा आकडा नीट वाचला पाहिजे: केवळ अ‍ॅझासिटिडीन घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान 9.6 महिने, जोडी घेणाऱ्यांचे 14.7 महिने. पाच महिने. नातवाचे लग्न पाहायला मिळालेल्या माणसाला ते पुष्कळ आहेत. पण त्या चाचणीतील रुग्ण बहुतांशी पंचाहत्तरीच्या आसपासचे होते. आपल्याकडे हा रोग तुलनेने कमी वयात, कमावत्या माणसाला गाठताना दिसतो. शेत विकून हे महिने विकत घ्यायचे का, हा प्रश्न त्या चाचणीने विचारलेला नाही. तो तिचा प्रश्नच नव्हता.

आपला प्रश्न वेगळा आहे, आणि तो विचारता येतो. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडे औषध 240 मिलिग्रॅमऐवजी केवळ 20 मिलिग्रॅम देऊन पाहिले आणि त्याचाही लाभ होतो असे 2022 साली सिद्ध केले. मात्रा कमी केली तर चालेल काय, दिवस कमी केले तर चालतील काय, जुनी स्वस्त औषधे नव्याच्या जोडीला दिली तर काय होईल, हे प्रश्न औषध विकणारी कंपनी स्वतःहून कशाला विचारील? ते शासनाच्या पैशाने, सार्वजनिक रुग्णालयांतूनच विचारले गेले पाहिजेत. मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा स्मारक केंद्राने विकसित केलेल्या पेशी-उपचाराला 2023 साली मान्यता मिळाली, उलटलेल्या लसिका-पेशींच्या रक्तकर्करोगासाठीही. परदेशात त्याच जातीच्या उपचाराला कोट्यवधी रुपये लागतात, येथे 30 ते 40 लाख. स्वस्त झाले हे खरे, पण कोणासाठी? महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कुटुंबामागची मर्यादा 5 लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय शासनाने त्याच वर्षी घेतला. या दोन आकड्यांमधील अंतर महागाव तालुक्यातील कोणता शेतमजूर भरून काढणार आहे?

आता सहीची गोष्ट. या भागातील रुग्ण नांदेडला किंवा यवतमाळला दाखवून नागपूरला वा मुंबईला जातो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब समजतो, आणि एके दिवशी त्याच्यापुढे बऱ्याच पानांचे संमतिपत्र येते. सोबत गेलेल्या कार्यकर्त्याने तेथे मान डोलवू नये, आणि ओढून दूरही नेऊ नये. पत्र मराठीत मागून घ्यावे. दुसऱ्या गटाला काय मिळणार, नेहमीचा प्रस्थापित उपचार की त्याहून कमी? औषध मात्रा ठरविण्याच्या पहिल्या टप्प्यात आहे की तुलनेच्या तिसऱ्या? पहिल्या टप्प्यात रुग्णाच्या बऱ्या होण्यापेक्षा सुरक्षित मात्रा शोधणे हाच हेतू असतो, हे त्याला स्पष्ट सांगितले आहे काय? नकार दिला तर चालू उपचार थांबणार नाहीत ना? चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत आहे का? 2009 पासून ती सक्तीची आहे. इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. ती आपोआप आलेली नाही. सर्वोच्च न्यायालयात 2012 साली दाखल झालेल्या याचिकेनंतरच शासन हलले.

त्याच नियमांत एक कलम असे आहे, ज्याकडे पक्षाच्या कार्यकर्त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. प्रत्येक नैतिकता समितीत निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असले पाहिजेत, आणि त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायदा जाणणारा असावाच लागतो. सामान्य नागरिकाची ती खुर्ची बहुधा डॉक्टरांच्या परिचयातील एखाद्या निवृत्त सज्जनाने भरली जाते. चाचणीतील रुग्णाचा गाडीभाड्याचा, बुडालेल्या मजुरीचा आणि चाचणी संपल्यावर तेच औषध पुढे चालू राहण्याचा प्रश्न समितीत त्या खुर्चीवरूनच उपस्थित होऊ शकतो. यवतमाळ, नांदेड आणि नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्या खुर्चीवर आज कोण बसले आहे, याची चौकशी तालुका शाखेने येत्या महिन्यात करावी आणि आशा कार्यकर्तीचे काम केलेली, तापाने फणफणलेला रुग्ण गाडीत घालून नेलेली एखादी बाई त्या जागेसाठी सुचवावी.